पाळी सुटल्यावर

एका वाक्याबद्दल लिहायचंय. वाक्य माझंच आहे, आणि बोलताना मला ते अगदी शहाणपणाचं वाटलं होतं.

दोन वर्षांपूर्वी जयंतीची बैठक आमच्या घरी होती. घर म्हणजे पत्र्याची एक खोली आणि पुढं ओटा. ओट्यावर आम्ही दहा-बाराजण. मिरवणुकीत डीजे लावायचा का पुस्तकांचा स्टॉल टाकायचा, यावर दीड तास वाद चाललेला. माझं म्हणणं होतं की माणसाला माणूसपण देणाऱ्या बापाची जयंती कानठळ्या बसवून होत नसते. आत माय चहा करत होती. तिसऱ्यांदा. एकाएकी भांडं आदळल्याचा आवाज आला आणि माय दारात येऊन उभी राहिली. घामानं चिंब. एप्रिलचा घाम वेगळा आणि हा वेगळा, हे मला तेव्हा कळत नव्हतं. ती म्हणाली, "माणूस माणूस करून बोंबलताय कवाधरनं. आत कोण हाय? जनावर हाय का? बघितलं का एकानं तरी?" आणि पातेलं उचलून तिनं सगळा चहा ओट्याखाली ओतून दिला. मग आत जाऊन भिंतीकडं तोंड करून रडत बसली.

सगळे गप्प. मी म्हणलं, "वय झालंय तिचं. या वयात बायांच्या डोक्याचं असं होतं. मनावर घेऊ नका."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकजण म्हणाला, आमच्या घरीपण असंच चालू आहे. पुढचा विषय वर्गणीचा निघाला.

वाक्य खोटं नव्हतं. हीच तर गोची आहे. खोटं असतं तर माफी मागून सुटलो असतो. मला पडलेला प्रश्न असा की, खरं बोलूनही माणूस अन्याय करू शकतो का?

आधी जे खरं आहे ते सांगतो, कारण आपल्यातल्या पोरांना घोषणा पाठ असतात, पण मायच्या शरीरातलं काही ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. जगभर हे बहुतेक बायांचं पंचेचाळीस ते पंचावन्न या वयात होतं. आपल्या देशात थोडं आधीच, सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास. पण त्याच्या आधीची काही वर्षंच जास्त वंगाळ असतात. इस्ट्रोजेन नावाचं द्रव्य कमी व्हायला लागतं, आणि तेही सरळ कमी होत नाही, वर-खाली हिंदकळत कमी होतं. अंगातून वाफा निघतात. रात्री लुगडं भिजतं. झोप मोडते. महिनोन् महिने झोप मोडली की कुणाचं डोकं ठिकाणावर राहील? रात्रपाळीचा आठवडा संपल्यावर माझं स्वतःचं राहत नाही. त्यात उदासी येते, धडकी भरते, कारण नसताना रडू येतं, राग येतो. सगळ्यांना येतं असं नाही. पण ज्या बाईनं आधी कधी खोल उदासी भोगलेली असते तिला पुन्हा ती गाठण्याचा धोका जास्त. आणि आपल्या वस्तीत अशी कोणती बाई आहे जिनं ती भोगलेली नाही?

आता मायची गोष्ट. तिचं तेव्हा वय होतं बेचाळीस. आणि पाळी तर तिची दहा वर्षांपूर्वीच गेली होती.

आम्ही मूळचे बीड जिल्ह्यातले. माय-बाप ऊसतोडीला जायचे. तिकडं नवरा-बायको मिळून एक 'कोयता' असतो. दोन जिवांना मिळून एक हत्यार म्हणतात, मोजणीही तशीच. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि अंगानं फेडायची. एक दिवस पडून राहिलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत चढतात. पाळीत पोटात कळा आल्या म्हणून बसायची सोय नाही. पाचटाच्या खोपीत न्हाणी नाही, पाणी नाही. मग अंगावरनं पांढरं जातं, ओटीपोट दुखतं. तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात डॉक्टरनं सांगितलं, पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल. माय बत्तीस वर्षांची होती. पैसे मुकादमानंच दिले, पुढच्या हंगामाच्या उचलीत धरून.

ही एकट्या माझ्या मायची कहाणी असती तर लिहिली नसती. २०१९ साली हा प्रश्न विधान परिषदेत गाजला. तीन वर्षांत बीड जिल्ह्यात ४,६०५ बायांच्या पिशव्या काढल्या गेल्या, असं खुद्द आरोग्यमंत्र्यांनी सभागृहात सांगितलं. मग सरकारनं नेमलेल्या समितीनं ऊसतोडीच्या ८२,३०९ बायांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ बायांची पिशवी काढलेली निघाली. सहातली एक! त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात १५ ते ४९ वयातल्या शंभर बायांमागं हे प्रमाण तीनाच्या आसपास आहे. पुढं सर्वोच्च न्यायालयानंही ५ एप्रिल २०२३ च्या निकालात सगळ्या राज्यांना विनाकारण पिशव्या काढण्याला आळा घालायला सांगितलं. चांगलं झालं. पण निघालेली पिशवी काही निकालानं परत येत नाही.

पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर जे पाच-सात वर्षांत व्हायचं ते दोन-चार दिवसांत होतं. कडेलोट. आणि अंडाशय ठेवले तरी ते लवकर थकू शकतात. मायचे ठेवले की काढले? आमच्याकडं जो कागद आहे त्यावर लिहिलेलं नाही. कुणी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही, बापाला विचारायचं कळलं नाही. पाळीच येत नसल्यामुळं ती कधी 'जातेय' हे कळायची खूणही तिच्याकडं उरली नव्हती. ती स्वतःलाच विचारायची, मला काय व्हतंय? बाहेरबाधा तर नाही ना, असंही तिच्या मनात आलं. आम्ही छप्पन्नला देव सोडलेत, म्हणून ते ती मोठ्यानं बोलू शकली नाही. आज्जीच्या काळी निदान अंगात तरी यायचं. अंगात आलेल्या बाईचं लोक ऐकून घ्यायचे, तिच्या पाया पडायचे. ते थोतांड होतं आणि गेलं ते बरंच झालं. पण त्या जागी आपण काय ठेवलं? मी जे ठेवलं ते तुम्हाला वर सांगितलंय. "मनावर घेऊ नका."

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. धागा तुटला की जोडायचा, दिवसभर हेच. खात्यातल्या हवेतला ओलावा कमी झाला की धागे पटापटा तुटतात, हे आमच्यातल्या नवख्या पोरालाही ठाऊक असतं. पण ओलावा कमी झाला म्हणून धाग्यावरचा ताण खोटा होतो का? ताण आधीपासून होताच. साचा जास्त स्पीडनं पळवलेला असतो, पेळू कच्चा असतो. ओलावा होता तोवर धागा ते सगळं सोसत होता, ओलावा गेला तेव्हा तुटला. सुपरवायझर म्हणतो हवेचा दोष. हवेचा आहेच. पण तेवढंच म्हणून तो साच्याचा स्पीड झाकतो.

मायचं हेच झालं. तिच्या अंगातलं द्रव्य आटलं म्हणून ती ओरडली हे खरं. पण ओरडली ते काय? आत कोण आहे ते बघितलं का, असं तिनं विचारलं. हा प्रश्न इस्ट्रोजेननं विचारलेला नाही. तो पंचवीस वर्षं पोटात होता, सोसण्याच्या बळावर दाबलेला. बळ गेलं आणि प्रश्न वर आला. मी त्याचं कारण शरीरात दाखवून दिलं आणि प्रश्न मोरीत ओतला.

आता जरा आपल्याकडं बघा. आपली पहिली कविता छापून आली तेव्हापासून पांढरपेशे टीकाकार काय म्हणत आलेत? ह्यांचा राग म्हणजे न्यूनगंड. जखमी मनाचा आक्रस्ताळेपणा. म्हणजे आपण काय बोललो ते बघायचं नाही, का बोललो असू याचं मनोविश्लेषण करायचं. आपण त्यावर चवताळून उठतो. म्हणतो, आमच्या जखमेचं निदान करू नका, आम्ही काय म्हणतोय त्याचं उत्तर द्या. बरोबरच म्हणतो. मग ह्याच हत्यारानं मी मायला गप्प केलं, तेही दहा कार्यकर्त्यांसमोर, आणि एकाच्याही लक्षात आलं नाही. माझ्यासकट. टीकाकाराचं सोडा, त्यानं निदान आपल्या हातचा चहा तरी पिलेला नव्हता.

पण थांबा, उलट्या बाजूनंही घसरायला नको. हे मी एका मित्राला सांगितलं तर तो खूष झाला. म्हणाला, म्हणजे तुझ्या मायनं विद्रोह केला! ह्याच्यावर कविता लिही. मला त्याचा राग आला. विद्रोह करणारा माणूस सकाळी उठून ताजा असतो. माय पहाटे चारला ओट्यावर बसलेली असायची, पदरानं वारा घेत. एकदा म्हणाली, "जीव नगं वाटतोय रं." मी झोपेत होतो, हूं म्हणलं. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा उठून बसलो. ती दुखत होती. तिच्या दुखण्याला विद्रोहाचं नाव देणं म्हणजे तिला औषधापासून तोडणं. तिचं दुखणं खरं आहे आणि तिचं बोलणंही खरं आहे. एक खरं धरलं की दुसरं सोडायची आपल्याला सवय आहे.

आणि कवितेचं म्हणाल तर मायवर माझी एक कविता आहे. तिच्यात डोक्यावर मोळी आहे, पायात काटा आहे, सूर्य आहे. ती म्हणताना टाळ्या पडतात. एकदा तालुक्याच्या कविसंमेलनात म्हणून मी रात्री एकला घरी आलो तर माय जागी, लुगडं भिजलेलं. मी जेवून झोपलो. आपल्या कवितांतल्या माया मोळ्या वाहतात, भट्टीवर राबतात, बाळंत होतात, मरतात. त्यांना पंचेचाळिसावं वर्ष कधी लागतच नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या थेरीगाथेत आम्रपाली आपल्या म्हाताऱ्या होत चाललेल्या शरीराबद्दल स्वतः बोलते, केसांपासून पायांपर्यंत, अवयव अवयव घेऊन. आपण अजून तिथंही पोचलो नाही.

आपल्यातला दुसरा एक गट म्हणतो, हे मनाबिनाचं दुखणं पांढरपेशांचं. आपल्या पोरी पळवल्या जातात, गायरानं काढून घेतली जातात, त्यात हे मूडचं काय काढलंस? त्यांना एवढंच सांगतो. २८ जुलै १९२८ ला बाबासाहेब मुंबई कौन्सिलात उभे राहिले ते कामगार बाईला बाळंतपणाची रजा पगारी मिळावी म्हणून. १० नोव्हेंबर १९३८ ला त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं असेंब्लीत संततिनियमनाचा ठराव आणला. तेव्हा अत्याचार कमी होते का? जमिनीचे प्रश्न सुटले होते का? बाईच्या पोटातलं दुखणं हा सभागृहाचा विषय आहे, हे त्या माणसानं ठरवून टाकलं. कोणतं दुखणं आधी आणि कोणतं मागनं, ही रांग लावायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? रांगेत मागं कायम तीच का उभी असते, जिनं रांगेतल्या सगळ्यांना चहा पाजलाय?

आणि बाळंतपणाची रजा तरी बाईला ती आई होणार म्हणून मिळाली. आता तिच्याकडनं कुणालाच काही व्हायचं नाही. मूल नाही, उचल नाही. गिरणीत पाळी सुटली की माणूस सायकल काढून घरी जातो. बाईची पाळी सुटली की ती कुठं जाते? जिथं होती तिथंच. चुलीसमोर.

मग मी तिला घेऊन एका सरकारी दवाखान्यात गेलो. आधी डॉक्टरनं दोन मिनिटांत झोपेच्या गोळ्या लिहिल्या. मग समुपदेशन कक्षात पाठवलं. तिथल्या बाई वागायला वाईट नव्हत्या. त्यांनी समोरचा कागद बघून सांगितलं, ताण घेऊ नका, योगा करा, एखादा छंद जोपासा, स्वतःसाठी वेळ काढा. बाहेर आल्यावर माय कितीतरी महिन्यांनी हसली. म्हणाली, "येळ काढा म्हणत्यात. कुठनं काढू? पिशवीतनं?" मी हसलो आणि मग मला हसायला नको होतं असं वाटलं.

समुपदेशन. शब्द फोडून बघा, त्यात उपदेश बसलाय. आपल्या बायांनी आयुष्यभर उपदेशच खाल्लाय. सासूचा, नवऱ्याचा, मुकादमाचा, डॉक्टरचा, आणि आता चळवळीतल्या पोराचा. त्यात अजून एक पगारी. आणि एक भीती माझ्या मनात खरीच आहे. ह्या समुपदेशनाचा उपयोग बाईला चुलीसमोर पुन्हा गपगुमान बसवण्यासाठी होणार असेल, तर ते आमच्या सुपरवायझरचंच काम झालं. धागा जोड, साचा पळव.

पण ह्या भीतीवर सगळी गोष्टच झटकून टाकणं हा आळशीपणा झाला, म्हणून मी वाचत गेलो. झिंबाब्वे म्हणून आफ्रिकेत देश आहे. तिथं मनाचे डॉक्टर बोटावर मोजण्याइतके. डिक्सन चिबांडा नावाच्या एका डॉक्टरनं २००६ साली दवाखान्याच्या आवारात लाकडी बाकं टाकली आणि त्यावर वस्तीतल्या आज्या बसवल्या. त्यांना शिकवलं, दुखणाऱ्या माणसाशी कसं बसायचं, त्याला बोलू कसं द्यायचं, एकेक अडचण घेऊन त्याच्याबरोबर वाट कशी शोधायची. २०१६ मध्ये त्याची रीतसर चाचणी छापून आली. आज्यांशी बोललेली माणसं नुसत्या नेहमीच्या उपचारावरच्या माणसांपेक्षा सुधारलेली निघाली. त्यांच्या भाषेत ह्या दुखण्याला डिप्रेशन म्हणत नाहीत. त्यांचा शब्द आहे 'कुफुंगिसिसा', म्हणजे फार इचार करणं. वाचून मी दचकलो. माय हेच म्हणायची: "डोक्यात इचार थांबंना." कुठं हरारे आणि कुठं आमची वस्ती!

आपल्या शेजारी गोव्यातही डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या माणसांनी सरकारी आरोग्य केंद्रांत खोल उदासीवर असं काम केलं आणि ते लागू पडलं, हे २०१७ साली छापून आलंय. ब्रिटनच्या आरोग्य खात्याच्या 'नाइस' ह्या संस्थेच्या सूचनांत तर २०१५ पासून पाळी जातानाच्या उदासीवर बोलण्याचा उपचार सांगितलेला आहे. म्हणजे बोलणं हे नुसतं मन मोकळं करणं नाही, तो इलाज आहे. गोळीही लागते कुणाला, त्यात लाज नाही. पण गोळीवाला डॉक्टर आणि ऐकणारं माणूस ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याला दोन्हींचा हक्क आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात हा हक्क लिहिलेला आहे. १४४१६ हा सरकारी फोन ऑक्टोबर २०२२ पासून आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. जीव नको वाटतो म्हणणाऱ्या माणसाच्या उशाशी हा नंबर लिहून ठेवा. मी भिंतीवर खडूनं लिहिलाय.

पण मला शेवटी पटाचारेनं समजावलं. नवरा साप चावून मेला, दोन पोरं गेली, माहेरचं घर पडून आई-बाप-भाऊ गेले. अंगावरचं वस्त्र गळालेलं भान नाही, अशी ती रस्त्यानं फिरायची आणि लोक तिला वेडी म्हणून कचरा मारायचे. बुद्ध बोलत होते तिथं ती पोचली. लोक म्हणाले, हिला येऊ देऊ नका. बुद्धांनी येऊ दिलं. कुणीतरी आपली शाल तिच्या अंगावर टाकली. तिचं सगळं सांगून झाल्यावरच ते बोलले. इथवर आपण पोथीत वाचतो आणि विहारात ऐकतो. पण पुढचं बघा. पुढं दुःखानं फुटलेल्या बाया बुद्धांकडं नाही, पटाचारेकडं यायला लागल्या. थेरीगाथेत त्यांच्या गाथा आहेत. जिला लोकांनी वेडी म्हणलं, तीच इतरांची ऐकणारी झाली. बुद्धांनी तिला बरी करून चुलीकडं परत पाठवलं नाही. तिच्या भोगलेल्याला त्यांनी ज्ञान मानलं.

मी हे मानायला तयार नव्हतो. मला वाटायचं, चूक माझी आहे तर भरपाईही मीच करीन, मायचं मीच ऐकीन. एका रात्री तिच्याशेजारी जाऊन बसलो आणि म्हणलं, माय, बोल. ती म्हणाली, "तुला काय सांगू? तू पोरगा." माझ्या पश्चात्तापासाठी तिनं स्वतःला उघडं करावं, ही पण जबरदस्तीच. पोरानं करायचं काम वेगळं आहे. ते कमी मानाचं आहे, टाळ्यांचं नाही.

वर्षावासात आमच्या विहारात आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' वाचतात. बाया बसतात. वाचन आठाला संपतं, पण बाया नवाच्या पुढंही पायरीवर बसून असतात. आम्ही पोरं चेष्टा करायचो, धम्म संपला की चहाड्या सुरू. यंदा आमच्या वस्तीतल्या आशाताईनं मायला तिथं बसवलं. तीही पिशवी काढलेलीच. मला ती फक्त एवढं म्हणाली, "दादा, नवाच्या आत तिला हाक मारू नका. आणि बाकीच्या पोरांनाबी सांगा."

म्हणून सांगतोय. बैठकीत ते वाक्य मी परत घेतलं, त्याच ओट्यावर, त्याच पोरांसमोर. एकदोघं ओशाळले, एकजण म्हणाला, अरे विषयावर ये. माय आतच होती. काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "चहाची भांडी कुणी इसळायची ते ठरलं का?" ते ठरलं नव्हतं. त्या दिवशी मीच विसळली.

आता पहिली पाळी असली की मी चारला सुटतो आणि संध्याकाळच्या भाकरी थापतो. जाड होतात. वरण परवा लागलं. माय साडेनवाला येते, कधी डोळे सुजलेले असतात, कधी येतानाच कुणाशी तरी मोठ्यानं हसत येते. पायरीवर काय बोलली ते सांगत नाही. मी विचारत नाही. रात्री अजूनही लुगडं भिजतं तिचं. परवा पहाटे ओट्यावर दोन बाया होत्या, माय आणि शेजारची काकू. मला जाग आलेली बघून माय म्हणाली, "झोप तू, तुझं काम न्हाई हितं."